कसेल त्याची जमीन
(निपाणीतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘पक्षाघातानंतर मेंदूचा नवा नकाशा’. नकाशा म्हटलं की आपल्या सीमाभागात लगेच कान टवकारतात. निवांत बसा, १९५६चा नकाशा माझ्यानं हलायचा नाही. मेंदूतला, म्हणजे कुठला भाग कुठला अवयव हलवतो त्याचा नकाशा मात्र हलतो, आणि तोही काही आठवड्यांत. तिथं कायदा एकच, कसेल त्याची जमीन.

पण आधी मला त्या चेंडूबद्दल बोलू द्या. घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं की भेटायला येणाऱ्यांपैकी एकजण तरी मोसंब्यांबरोबर स्पंजचा पिवळा चेंडू आणतोच. “दाबत बसा, ताकद येईल!” अहो, बोटं मिटायला आधीच टपलेली असतात, अडतं ते उघडताना. दिवसभर मूठ आवळायची तालीम केली तर हात उघडायचा कसा? चेंडू नातवाला द्या. आणि कबुतराचं रक्त चोळायला सांगणारे पाहुणे तर... जाऊ दे, दोघेतिघे पुढच्याच रांगेत बसलेत.

याच तालुक्यातल्या एक मावशी. सगळा जन्म विड्या वळण्यात गेला, आणि उजवा हात गेला. (तंबाखूनं पक्षाघाताचा धोका वाढतो हे निपाणीत उभं राहून सांगायला छाती लागते, पण सांगते.) मनगट जरा उचलायचं, बोटं थोडी हलायची. म्हणजे आशेला जागा होती. घरी गेले तर धाकटी सून घास भरवतेय, मोठी वेणी घालतेय, मधली पाय चेपतेय. मी म्हटलं, मावशींना स्वतः जेवू द्या. तर मोठी सून म्हणाली, “आत्यांना आता कशाला तरास हो मॅडम? आम्ही तिघी हाय की!”

तिघी होत्या, हाच तर घोटाळा होता. मी त्यांचं विड्या वळायचं सूप मागवलं. जर्दा नको म्हटलं, नुसती भिजवलेली पानं आणा. पहिले काही दिवस एकच काम, उजव्या हातानं एकेक पान सुटं करायचं. ओलं पान पानाला चिकटतं, अंगठा आणि तर्जनी उघडल्याशिवाय ते सुटतच नाही. पानं फाटली, मावशींनी मला शिव्या घातल्या, त्यातल्या दोन कानडीत. कात्री धरायला पुढं बरेच महिने गेले, आणि पूर्वीचा वेग काही परत आला नाही. पण घास त्या स्वतःच्या हातानं घेऊ लागल्या. सुना माझ्याशी अजून जेवढ्यास तेवढंच बोलतात.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळत पळत.

पक्षाघातात मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण शेजारच्या जगलेल्या पेशी नवे धागे फोडतात, झोपलेले जुने दुवे जागे होतात. मेंदूचे संशोधक रँडॉल्फ नूडो यांनी माकडांच्या मेंदूत हाताचा ताबा ठेवणाऱ्या भागाला छोटी इजा केली. हाताला सराव नाही दिला, तर उरलेला चांगला भागसुद्धा आक्रसला. १९९६च्या प्रयोगात माकडांना छोट्या खळग्यांतून खाऊ काढायचा सराव दिला, तर हाताचा भाग टिकला, काहींमध्ये कोपर-खांद्याच्या हद्दीतही शिरला. वापर थांबला की जमीन जाते, ती अशी.

उजव्या हाताचे बहुतेक तंतू डाव्या मेंदूतून येतात. डावीकडे इजा झाली की सुरुवातीला उजवा मेंदूही धावून येतो. ज्यांची सुधारणा चांगली होते, त्यांच्यात काम बहुधा पुन्हा डावीकडे जातं. बोटांची नाजूक कामं या तंतूंवरच चालतात, म्हणून खांदा आधी सुटतो आणि बोटं मागं राहतात.

२००६ साली अमेरिकेतल्या २२२ रुग्णांवरच्या चाचणीत चांगल्या हाताला दोन आठवडे जागेपणी बहुतेक वेळ मोजा घातला आणि दुबळ्या हाताकडून कसून काम करून घेतलं. नेहमीच्या उपचारापेक्षा हात जास्त सुधारला. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येणारेच रुग्ण घेतले होते. हात पूर्ण लुळा असेल, तर मोज्याच्या नादी लागू नका.

आणि घाईसुद्धा नको. २०१५च्या मोठ्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच रुग्णांना उठवून वारंवार हालचाल करायला लावली, तर निकाल उलट वाईट आले. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पडतो, पण त्यानंतर दार बंद होतं असं... हो हो, उठते. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. फक्त एमआरआयच्या फिल्मा ट्यूबलाइटसमोर धरू नका, मला हात बघायचाय.