मूठभर ज्वारी

शुक्रवारची दुपार. सोलापुरातलं ऊन असं, की रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण चर्चमागच्या खोलीच्या पायरीवर चपलांचा ढीग वाढतोय. आत सतरंजीवर बायका बसल्यात आणि मधोमध पत्र्याचा डबा. येणारी प्रत्येक जण पिशवीतली ज्वारी त्यात ओतते, मगच बसते. दळणाला ज्वारी काढली की एक मूठ प्रभूच्या नावानं बाजूला, असा या घरांचा नेम. महिनाअखेरीस ही ज्वारी विकायची आणि पैसे परदेशातल्या मिशनकार्याच्या पाकिटात.

मिझोरममध्ये हेच तांदळाचं चालतं. १९१०पासून तिथल्या आयाबहिणी स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ वेगळा काढतात. त्या मुठींवर तिथल्या ख्रिस्ती मंडळीनं मिशनरी पाठवलेत.

दूरच्या माणसांनी दिलेल्या अशा आधाराचं ऋण सोलापूरकरांना ठाऊक असायला हवं. शहरात वोरोनोको नावाची शाळा आहे. मराठी जिभेला अवघड असं हे नाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं. अमेरिकन मराठी मिशनबरोबर ते इथे आलं. त्या मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ साली मुंबईला उतरले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीनं गेले. आणि तिकडे, त्यांच्या देशातल्या मंडळ्यांत, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनसाठी प्रार्थना व्हायची. ज्यांनी मराठी मुलूख कधी पाहिला नाही, त्यांनी आपल्यासाठी गुडघे टेकले.

फळ लगेच दिसत नाही, हे सांगायलाच हवं. इंग्लंडचे मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात आले. पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा व्हायला १८०० सालचा डिसेंबर उजाडला. सात वर्षं! त्याच कॅरींनी पुढे, १८०५ मध्ये, मराठीचं व्याकरण छापलं.

खोलीत आता आजींनी वही उघडलीय. सत्तरी ओलांडलेली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. “हे प्रभू, सगळ्या मिशनऱ्यांना आशीर्वाद दे” एवढ्यावर त्या कुणाला उठू देत नाहीत. वहीत एकेका नावापुढे बारीक अक्षरात लिहिलंय: भाषा अजून जिभेवर बसत नाही. व्हिसाची मुदत संपत आलीय. धाकट्याला शाळेत मित्र नाही. काही ठिकाणी नावच नाही, नुसतं ‘बहीण’. तिथे नाव बाहेर फुटलं तर तिच्या जिवावर बेतेल, म्हणून.

मोबाईलवर एक आवाज लावला जातो. दूरच्या देशातून, सोलापुरी हेल तसाच. “इथे सगळं ठीक आहे, पण रविवारी संध्याकाळी लई एकटं वाटतं.” बायका ऐकत राहतात. एकीचा पदर डोळ्याला जातो.

आम्हाला वाटतं, आधार द्यायचा तो इथूनच सुरू होतो. एकदाच मोठी देणगी देऊन मोकळं होण्यापेक्षा दरमहा न चुकता दिलेले शंभर रुपये तिकडच्या माणसाला जास्त धीर देतात. कुणीतरी आपली आठवण ठेवून आहे, हे त्यातून कळतं.

प्रार्थना लांबते. तेलुगूतून एक, मराठीतून चार. मग आजी वहीवर बोट ठेवतात.

“हिची आई दवाखान्यात आहे. पोरगी तिकडे, घरी कुणी नाही. संध्याकाळी डबा कोण नेणार?”

दोन हात वर होतात. मग तिसरा.