कंडेन्सर गेलाय, पंखा नाही

(दृश्य: जाळी काढलेला टेबलफॅन. बटण दाबलं जातं. बराच वेळ फक्त आवाज.)

ऐका. वीज येतेय, मोटर गुणगुणतेय, पण पाती जागची हलत नाहीत. बहुतेक घरांत पंख्याचं आयुष्य इथेच संपतं. हा पंखा घेऊन आलेल्या बाईंनीही तो टाकायलाच काढला होता.

दुरुस्तीला बसलेले काका पेन्सिलीच्या टोकाने पात्याला जरासं ढकलतात. बघा, फिरला. म्हणजे मोटर जळालेली नाही. कंडेन्सर गेलाय.

(दृश्य: मागचं झाकण निघतं. काडेपेटीएवढी काळी डबी. हाच कंडेन्सर.)

घरगुती विजेवर चालणाऱ्या सिंगल फेज मोटरला जागचं हलायला पहिला रेटा लागतो, तो या डबीमुळे मिळतो. वर्षं जातात तशी तिची ताकद उतरते आणि एक दिवस तो रेटा पुरेनासा होतो. काकांनी प्लग आधीच काढून ठेवलाय. तरी ते डबीला लगेच हात लावत नाहीत, कारण तिच्यात वीज साठून राहते. ती उतरवायची, वायरी कापायच्या, नवी डबी घ्यायची. नवीवरचा मायक्रोफॅरडचा, म्हणजे वीज साठवायच्या क्षमतेचा, आकडा जुनीइतकाच हवा आणि व्होल्टेज जुनीहून कमी नको. मग दोन सांधे झाळायचे, वर स्लीव्ह, म्हणजे वीजरोधक नळी, चढवायची. जाता जाता मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या सुकलेल्या बुशमध्ये तेलाचे दोन थेंब. ते थेंब त्यांनी न विचारताच सोडले.

वर्तुळाकार अर्थव्यवस्था, म्हणजे वस्तू न टाकता पुन्हा पुन्हा वापरात ठेवणारी व्यवस्था, म्हटलं की मोठमोठे कारखाने दाखवले जातात. आम्ही कॅमेरा आधी या टेबलापाशी लावला, आणि तो मुद्दाम लावला. खाणीतून काढलेलं तांबं, त्याची ओढलेली तार, तिचे वेटोळे, तोलून बसवलेली पाती, इतकी सगळी मेहनत या पंख्यात आहे. दुरुस्तीत ती शाबूत राहते. भट्टीत गेल्यावर उरतो तो फक्त धातू. म्हणून शहराने पहिली जागा टेबलाला द्यावी, भट्टीचा नंबर नंतर.

(दृश्य: मोठी शेड. छिन्नी-हातोड्याचा आवाज.)

ज्या पंख्याचं टेबलावर काही होऊ शकलं नाही, तो इथे येतो. मोटर फोडली की आत लोखंडी पत्र्यांची चळत आणि तिच्या खाचांत गुंडाळलेली तांब्याची तार दिसते. तार एका बाजूने छाटायची आणि दुसऱ्या बाजूने ओढायची. तांबं वेगळं, लोखंड वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं. बॉक्साइट या खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातली सुमारे 95 टक्के ऊर्जा भंगार वितळवलं तर वाचते.

(दृश्य: प्लॅस्टिकचा ढीग. जवळून हात.)

या ताईंचे हात बघा. तुकडा वाकवतात, नखाने ओरखडतात, जमिनीवर आपटून आवाज ऐकतात आणि बरोबर ढिगात टाकतात. सगळं प्लॅस्टिक एकत्र वितळवता येत नाही. एका जातीत दुसरी मिसळली की माल ठिसूळ होतो आणि अख्खा लॉट कवडीमोल ठरतो. तळाशी असलेला बाणांचा त्रिकोण आणि आतला आकडा प्लॅस्टिकची जात सांगतात, ते पुन्हा वापरात येईलच असं सांगत नाहीत. आणि कित्येक तुकड्यांवर तर तो शिक्काही नसतो. तिथे भरवसा फक्त या बोटांचा.

शहराच्या आराखड्यात रस्ते असतात, पार्किंग असतं. या हातांसाठी उजेड, पाणी, हातमोजे आणि हक्काचं छप्पर त्यात असायलाच हवं.

(दृश्य: खताची रास उलटताना वाफ उठते.)

ही वाफ आहे, धूर नव्हे. सूक्ष्मजीव कामाला लागले की राशीचं पोट 60 अंशांपर्यंत तापतं. ओल्या कचऱ्यात बरंचसं पाणीच असतं. तो लांबच्या डेपोत नेणं म्हणजे डिझेल जाळून पाण्याची वाहतूक करणं. ही रास बागेच्या कोपऱ्यातच आहे, आणि तिचं खतही त्याच बागेत जिरणार आहे.

(दृश्य: नकाशा. पहिला ठिपका.)

ॲम्स्टरडॅम, ऑक्टोबर 2009. पत्रकार मार्टिन पोस्टमा यांनी पहिला रिपेअर कॅफे भरवला. टेबलं, हत्यारं, जाणकार स्वयंसेवक आणि बिघडलेल्या वस्तू घेऊन आलेले लोक. आज हे कॅफे कितीतरी देशांत भरतात.

(दृश्य: दुसरा ठिपका.)

स्वीडनमधलं एस्किल्स्टुना, 2015. नगरपालिकेच्या कचरा संकलन केंद्राला लागूनच रीटुना नावाचं विक्री संकुल सुरू झालं. लोक जुन्या वस्तू आणून देतात, कर्मचारी त्या निवडतात आणि शेजारचे दुकानदार त्या दुरुस्त करून, नवं रूप देऊन विकतात. आम्हाला यातलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते अंतर. टाकायची जागा आणि विकायची जागा यांच्यामध्ये फक्त काही पावलं आहेत. हे अंतर ठरवणं शहराच्याच हातात असतं, कारण जागा शहराची असते.

कायदेही सरकतायत. फ्रान्समध्ये 2021 पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापावे लागतात. युरोपीय संघाने 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला.

2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला. रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद त्यातल्या पावभागाचीही नाही.

(दृश्य: पुन्हा टेबल. जाळी बसते. बटण.)

आता पेन्सिल लागली नाही.

(दहा सेकंद निवेदन नाही. पंख्याचा वारा, बाईंचा चेहरा.)

वायर गुंडाळली गेली. जुना कंडेन्सर काकांनी बाजूच्या डब्यात टाकला. टेबलावर आता एक रेडिओ आलाय. त्याचं बटण फिरतंय, आवाज मात्र येत नाही.