टेबलावरची फौज कुणाची?

टेबलावर मांडायच्या युद्धखेळातला हा सैनिक उंचीने जेमतेम 28 मिलिमीटर आहे, म्हणजे करंगळीच्या दीड पेराएवढा. त्याच्या अंगावर आधी करड्या प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, थर बसला, त्यावर अंगरख्याचा मूळ रंग आला, मग ‘वॉश’ म्हणतात तो पाण्यासारखा पातळ, गडद रंग चुण्याचुण्यांत उतरला आणि त्याने सावल्या तयार केल्या. आता जवळजवळ कोरडा ब्रश कापडाच्या उंचवट्यांवरून हलकेच फिरतो आहे आणि दिवाणखान्यातल्या दिव्याखाली कापडाचा पोत उमटू लागला आहे. एका फौजेत असे पन्नास-साठ सैनिक असतात, जुन्या पद्धतीच्या रांगांच्या लढायांमध्ये तर शंभराहूनही अधिक. महिनोन्‌महिन्यांच्या संध्याकाळी त्यांच्यावर खर्ची पडतात. ही मेहनत लक्षात घेतली, तरच या खेळातली माणसे आपल्या फौजेविषयी इतक्या पोटतिडकीने का बोलतात, हे समजते.

खेळण्यातल्या सैनिकांना नियमांत बसवून लढवण्याचा हा छंद आज दिसतो, त्या रूपात इंग्लंडमध्ये वाढला. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात आपले नियम प्रसिद्ध केले. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या छोट्या तोफेने लाकडाचे छोटे तुकडे उडवून शिशाचे सैनिक पाडायचे असत, आणि रणांगण म्हणजे घराची फरशी. हा खेळ मुलग्यांसाठी आणि मुलग्यांच्या खेळांत रस घेणाऱ्या, वेल्स यांच्या मते अधिक हुशार असलेल्या मुलींसाठी आहे, असे त्यांनी उपशीर्षकातच लिहून ठेवले होते. पुढे 1962 साली डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ आले. दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात लढलेला हा गृहस्थ साउदॅम्प्टनमध्ये फिजिओथेरपिस्ट होता. त्या पिढीतला खेळाडू एका सैनिकाच्या धडावर दुसऱ्याचे डोके चिकटवी, नियम स्वतः लिही आणि मित्रांना टंकलिखित प्रती पाठवी. हौस ज्याची, फौजही त्याचीच, याविषयी कुणाला शंका नव्हती.

ही समजूत हळूहळू बदलली. 1975 साली लंडनमध्ये स्थापन झालेली आणि पुढे नॉटिंगहॅमला स्थिरावलेली ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी 1983 पासून ‘वॉरहॅमर’ हा काल्पनिक जगातला युद्धखेळ विकू लागली, आणि 1987 मध्ये त्याच कुळातला, दूरच्या भविष्यात घडणारा ‘वॉरहॅमर 40,000’ आला. सैनिक कंपनीचे, नियम कंपनीचे, रंग कंपनीचे, कथा कंपनीची आणि दुकानही कंपनीचेच. याचा मोठा फायदा झाला, हे मान्य करायलाच हवे: अनोळखी गावातल्या अनोळखी माणसासमोर आपली फौज मांडून लगेच डाव सुरू करता येऊ लागला. मात्र फौज कुणाची, हा प्रश्न त्याच सोयीतून जन्माला आला.

2015 साली तो प्रश्न उघड झाला. कंपनीने बत्तीस वर्षे चाललेले ‘वॉरहॅमर’चे जुने जग कथेतच नष्ट केले आणि त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ हा नवा खेळ आणला. सैनिकांच्या पायाखालच्या चौकोनी तळांवर रांगेत उभ्या राहणाऱ्या पलटणींच्या जागी गोल तळ आले. नियम चार पानांत आटोपले. आणि दोन फौजा तुल्यबळ आहेत की नाहीत हे ठरवणारे गुणच काढून टाकले गेले. काही पात्रांच्या नियमांत तर खेळाडूच्या स्वतःच्या मिशीवरून फायदा मिळे. ज्यांनी दहा-दहा वर्षे खपून एकेक पलटण उभी केली होती, त्यांना आपल्या कष्टांची थट्टा झाल्यासारखे वाटले. एका खेळाडूने आपली फौज जाळली आणि त्याचे चित्रीकरण जगासमोर ठेवले. अनेकांनी त्याला वेड्यात काढले. मला ते दृश्य पाहताना वाईट वाटले, कारण इतका राग मूळच्या मायेशिवाय येत नाही. पुढच्याच वर्षी गुण परत आले, आणि जानेवारी 2024 मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने जुने जग चौकोनी तळांसह पुन्हा टेबलावर आले.

पण मधल्या काळात खेळाडू बदलले होते. कंपनीने खेळ बंद केला तरी कपाटातली फौज बंद पडत नाही, हे त्यांना उमगले होते. कुणी जुन्या आवृत्तीचे नियम काढून खेळू लागले, कुणी दहा सैनिकांत भागणाऱ्या ‘फ्रॉस्टग्रेव्ह’सारख्या छोट्या खेळांकडे वळले, आणि त्याच सुमारास रेझिन या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवातून वस्तू घडवणारे थ्रीडी प्रिंटर घरोघर परवडू लागले. द्रवाच्या तबकातून, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या जाडीच्या थरांनी, सैनिक उलटा लटकत वर येतो. त्याला अल्कोहोलमध्ये धुतात, आधाराच्या काड्या खुडतात आणि अतिनील प्रकाशात कडक करतात. शिल्पकार आता धातूच्या मूर्तीऐवजी संगणकातली फाइल विकतो. यातून चोरीच्या नकलाही निघतात, आणि ते गैरच आहे; तरी ज्या शिल्पकाराला पूर्वी कंपनीच्या दारात उभे राहावे लागे, तो आज आपल्या चाहत्यांच्या मासिक वर्गणीवर जगू शकतो, हे मला मोलाचे वाटते.

टेबलाच्या पलीकडे कोण बसते, याविषयीची वृत्तीही बदलली. ‘वॉरहॅमर 40,000’मधले मानवी साम्राज्य क्रूर आणि धर्मांध आहे, ते हुकूमशाहीचे विडंबन आहे. विडंबनालाच आदर्श मानणारे काही लोक मात्र या छंदात होते, आणि बराच काळ इतर जण त्यांच्याकडे काणाडोळा करत. 2021 साली स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हांचे कपडे घालून आला, तेव्हा संतापाची लाट उसळली, आणि त्या नोव्हेंबरात कंपनीने साम्राज्य द्वेषावर चालते, हा छंद नव्हे, असे जाहीर निवेदन काढले. 2024 मध्ये सम्राटाच्या रक्षकांमध्ये स्त्रिया असल्याचा उल्लेख आला, तेव्हाही मोठा वाद झाला. वेल्स यांच्या उपशीर्षकातली मुलगी टेबलापाशी पोहोचायला शतकाहून अधिक काळ लागला, आणि अजूनही काहींना तिची अडचण वाटते.

ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे, आणि इथे तो आपल्या अंगणात येतो. वसाहतींच्या युद्धांवरच्या अनेक जुन्या नियमपुस्तकांत युरोपीय पलटणींसमोरच्या फौजेला सरसकट ‘नेटिव्ह’ म्हटलेले असे. तिने झुंडीने धावून यावे आणि बंदुकीच्या फैरीत पडावे, एवढेच तिचे काम. आज जालना जिल्ह्यातल्या असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803 ची, कुणी मांडू लागला, तर ही सवय त्याला सोडावीच लागते. दौलतराव शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे शिस्तबद्ध पलटणींची दळे, पोलमन या जर्मन सेनानीच्या हाताखाली युरोपीय धर्तीवर लढत होते, आणि त्यांचा तोफखाना इतका जबर होता की इंग्रज सेनापती वेलस्लीच्या छोट्या फौजेची 1,500 हून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. म्हणून आता हौशी खेळाडू कंपूंचे गणवेश शोधतात, पगड्यांच्या रंगांवर वाद घालतात आणि तोफा डागणाऱ्या मराठा गोलंदाजांना नियमांत वरचा दर्जा द्यावा म्हणून आग्रह धरतात. इंग्रजांची रांग तोफा ओलांडून पुढे गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून पुन्हा डागल्या, ही इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे. एरवी खेळात शत्रूने तोफखाना घेतला की त्याचे सैनिक उचलून डब्यात ठेवतात. असईच्या डावात त्यांना तोफेशेजारी आडवे करून तिथेच राहू द्यावे लागते.