पाच मिनिटं फोन दे ना

(लॅमिंग्टन रोड, सकाळ, हातगाड्या, वायरींचे गठ्ठे)

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण ग्रँट रोडला उतरून कोणालाही विचारा, लॅमिंग्टनच म्हणतात. मुंबईत फोन बिघडला की शेवटी माणूस इथे येतो. हे जे हात दिसतायत ना, मायक्रोस्कोपखाली केसाएवढी वायर पकडलेले, ते एका दादांचे, वीसेक वर्षं हेच काम करतात. चेहरा दाखवू नका म्हणाले, धंद्याचा प्रश्न आहे.

दादा म्हणतात, डिस्प्ले बदला, बॅटरी बदला, पाण्यात पडला, हे रोजचं. पण महिन्यातनं दोन-तीन गिऱ्हाईकं अशी येतात की आधी इकडे तिकडे बघतात, मग काउंटरवर वाकतात आणि हळू आवाजात विचारतात, दादा, बायकोचा फोन माझ्या फोनवर दिसेल असं काही करता येतं का?

दादा नाही म्हणतात. गिऱ्हाईक जातं आणि व्हिडिओ बघून घरीच करतं.

(जुन्या बातम्यांची कात्रणं)

फोनवर पाळत म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, पेगासस. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं, चोरून फोनमध्ये शिरणारं सॉफ्टवेअर, फक्त सरकारांना विकतो असं कंपनीच सांगते. २०२१ ला गाजलं, सुप्रीम कोर्टाने समिती नेमली, तिने २९ फोन तपासले, ५ मध्ये काहीतरी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं पण ते पेगाससच होतं असं ठाम सांगता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असंही समितीने कोर्टाला कळवलं. हे सगळं गंभीरच आहे. पण ते महागडं हत्यार आहे, परळच्या चाळीतल्या बाईवर कोणी वाया घालवत नाही. तिच्यासाठी स्वस्तातलं असतं.

(हात. स्टीलचा ग्लास. टेबलावर पालथा ठेवलेला फोन)

या ताईंची अट एवढीच होती, नाव नाही, चेहरा नाही. दहा बाय बाराची खोली, मोरी आतच, माळ्यावर गणपतीची मखर गुंडाळून ठेवलेली. फोन साधा अँड्रॉइड, दोन वर्षांपूर्वीचा.

संशय कसा आला? ताईंना अंधेरीला एका ऑफिसात नोकरीसाठी जायचं होतं, घरी सांगितलं सिद्धिविनायकाला जाते, खरं काय ते फक्त बहिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलं. संध्याकाळी नवरा जेवताना म्हणाला, सिद्धिविनायक प्रभादेवीहून अंधेरीला कधी हलवलं?

म्हणाला आणि भात कालवत बसला.

(मैत्रीण बॅगेतून दुसरा फोन काढते)

ही आमची मैत्रीण, असे फोन तपासायला मदत करते. ती आल्याआल्या फोनला हातच लावत नाही. आधी विचारते, काही सापडलं तर आजच काढायचंय का? कारण काढलं की समोरच्याला कळतं, त्याच्या स्क्रीनवर ताईंचा फोन दिसेनासा होतो, मग तो घरी येऊन काय करेल हे ताईंनाच माहीत. शिवाय काढलं की पुरावा पण गेला. म्हणून हा दुसरा फोन, प्रत्येक स्क्रीनचा फोटो यात काढायचा, ताईंच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट नाही, तो पण त्याला दिसू शकतो.

आधी व्हॉट्सॲप. वरचे तीन ठिपके, लिंक्ड डिव्हायसेस. बघा. एक ब्राउझर, विंडोज, आज दुपारी चालू होता. ताईंच्या घरात कॉम्प्युटर नाही. नवऱ्याच्या ऑफिसात आहे. यासाठी ॲप लागत नाही, हॅकर लागत नाही, फोन एकदा उघडा हातात मिळाला की एक कोड स्कॅन करायचा, झालं काम.

मग प्ले स्टोअर, वर आपला गोल फोटो, त्यात प्ले प्रोटेक्ट. बंद. ताई म्हणतात मला तर हे आहे हेच माहीत नव्हतं, म्हणजे ताईंनी बंद केलेलं नाही. प्ले प्रोटेक्ट बाहेरून टाकलेली वाईट ॲप पकडतं, म्हणून टाकणारा आधी त्याचंच तोंड बंद करतो. आता सेटिंगमध्ये 'अननोन ॲप्स' कोणाला टाकायची परवानगी दिलीय ते बघायचं, तर क्रोमला दिलेली. म्हणजे ब्राउझरमधून काहीतरी उतरवून टाकलंय.

आणि आता हे. ॲक्सेसिबिलिटी. ही सोय मुळात ज्यांना दिसत नाही, नीट हात चालत नाही अशा माणसांसाठी, स्क्रीनवर लिहिलेलं वाचून दाखवायला वगैरे. पण जे ॲप स्क्रीन वाचू शकतं ते सगळंच वाचू शकतं. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला लावलेलं कुलूप, मधल्या वाटेवर कोणी वाचू नये म्हणून आहे हो, स्क्रीनवर आलेला मेसेज तर उघडाच असतो. ताईंच्या यादीत एक नाव आहे, 'सिस्टम सर्व्हिस', पुढे गिअरचं चित्र. इतकं सरकारी नाव की कोणी बोट लावणार नाही. होम स्क्रीनवर त्याचा आयकॉन कुठेच नाही. मैत्रीण मग डिव्हाइस ॲडमिनची, म्हणजे फोनवर जादा ताबा दिलेल्या ॲपची, यादी उघडते, नोटिफिकेशन वाचणाऱ्या ॲपची उघडते, दोन्हीकडे हाच पाहुणा बसलेला.

(कॅमेरा ताईंच्या हातांवर राहतो)

ही ॲप महिन्याच्या भाड्याने मिळतात. गुगलने २०२० मध्ये जोडीदारावर पाळत ठेवणाऱ्या ॲपच्या जाहिराती बंद केल्या, पण मुलांवर लक्ष ठेवणाऱ्यांना सूट राहिली, मग काय, पाटी बदलली, दुकान तेच. आणि या कंपन्यांचा साठा स्वतःच गळका, कितीदा लीक झालाय, म्हणजे नवरा वाचतोच, वर ज्याला हवं तो वाचतो.

(दुपारची लोकल, लेडीज डबा)

डब्यात आम्ही विचारलं तर चार जणींनी एकच उपाय सांगितला, स्टार हॅश एकवीस हॅश दाबा, फोन टॅप असला तर कळतं. नाही कळत. तुमचे कॉल दुसरीकडे फॉरवर्ड होतायत का एवढंच त्यातून कळतं. ते कळणंही कामाचं आहे, कारण स्टार ४०१ वाला कोड डायल करायला लावून ओटीपीचे कॉल वळवायची फसवणूक इतकी वाढली की दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून ती कोडवाली फॉरवर्डिंगच थांबवायला लावली. पण ताईंच्या फोनवर हा कोड दाबला तर सगळं स्वच्छ दिसलं असतं. बॅटरी लवकर उतरते याचंही तसंच, जुना फोन असाच उतरतो. आणि कोपऱ्यातला तो हिरवा ठिपका, अँड्रॉइड १२ पासून माइक किंवा कॅमेरा चालू असला की येतो, तो आमच्या दोन तासांत एकदाही आला नाही. त्या ॲपला माइक लागतच नव्हता, ते वाचत होतं.

आयफोनवाल्यांनी हसू नये. आयक्लाउडचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा फोन घरात कोणाच्या हाताशी असेल तर ॲप टाकायची पण गरज नाही, बॅकअप तिकडूनच बघता येतो. सेटिंगमध्ये 'सेफ्टी चेक' आहे, आयओएस १६ पासून, म्हणजे आयफोनच्या सिस्टमच्या सोळाव्या आवृत्तीपासून, कोणाला काय काय दिसतंय ते एका जागी बघून तोडता येतं.

(डोंबिवली, बहिणीचं घर, खिडकीत तुळस)

त्या दिवशी काहीच काढलं नाही. नऊ दिवसांनी, बहिणीच्या घरून, बहिणीच्याच फोनवरून ताईंनी आधी गुगलचा पासवर्ड बदलला, बाकी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट केलं. मग फोन पूर्ण रीसेट, आणि जुन्या बॅकअपमधून ॲप परत आणली नाहीत, एकेक नव्याने टाकली, व्हॉट्सॲपचं ते विंडोज काढलं आणि व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावला. हा क्रम महत्त्वाचा, आधी त्याच फोनवर नवीन पासवर्ड टाकला असता तर तोही त्याने वाचला असता.

पोलिसांत तक्रार केली. काउंटरवर आधी घरचं मॅटर आहे ऐकावं लागलं, मग फोटोंची फाइल पुढे ठेवल्यावर लिहून घेतलं, भारतीय न्याय संहिता कलम ७८, बाईच्या इंटरनेट, ईमेल, मेसेजवर पाळत ठेवणं, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्या कलमात नवऱ्याला सूट लिहिलेली नाही. केस चालू आहे.

(रीसेट झालेला फोन, पांढरी स्क्रीन)

नवीन पिन टाका असं स्क्रीनवर आलं. आधीचा पिन लग्नाची तारीख होती. ताईंनी बोट उचललं, थांबल्या, आमच्याकडे बघितलं.

"जरा तिकडे करा ना कॅमेरा."

केला.