टेलपासून सुरुवात

नमस्कार, श्रोतेहो. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नवी यंत्रं येताहेत, पतसंस्थांत नवं सॉफ्टवेअर आलंय, जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्यात आणि २०२७ च्या सिंहस्थाची घाई तर सगळ्यांनाच आहे. अशा वेळी दहा-वीस माणसांना सांभाळून नव्या वाटेनं न्यायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्यानं सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर ठरलेलं आहे. ओझरपासून. विमानांचा कारखाना नव्हे हो, तिथली शेती.

ही गोष्ट सांगितल्याशिवाय माझं भाषण संपत नाही, म्हणून आज आधीच सांगून टाकतो.

दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाडचं धरण आहे. कालवा वरच्या गावांतून निघतो आणि शेवटाला ओझरकडे येतो. आता कालव्याचं शहाणपण तुम्हाला ठाऊकच आहे. हेडवाल्यानं, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या शेतकऱ्यानं, रात्री चारीचं दार उघडं टाकून झोपावं आणि टेलवाल्यानं, म्हणजे शेवटाच्या शेतकऱ्यानं, पहाटेपर्यंत चारीत बॅटरी मारत उभं राहावं. जमीन कागदोपत्री लाभक्षेत्रात, शेत मात्र कोरडं. शिवाय पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर. म्हणजे जपून पाणी देणारा आणि वाहवून टाकणारा, दोघांना बिल सारखंच. मग जपायचं कुणी आणि कशाला?

ओझरला समाज परिवर्तन केंद्र नावाची संस्था आहे. तिथल्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ठरवलं, की पाण्याचं वाटप शेतकऱ्यांनी स्वतः करायचं. बोलायला सोपं. पण कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी आणि पाटबंधारे खात्याचे साहेब जे ठरवतात ते गावानं ठरवायचं, म्हणजे भाऊबंदकीतले सगळे जुने हिशेब चारीवर येणार! दुसरा कुणी असता तर हेडपासून सुरू केलं असतं. तिथं पाणी आहे, यश लवकर दिसतं, फोटो चांगला येतो. यांनी सुरुवात केली टेलला. १९९० च्या सुमारास शेवटाकडच्या तीन पाणीवापर संस्था, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था, उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. ज्याला सर्वांत कमी मिळतं, त्याच्यापासून सुरुवात. पुन्हा सांगतो, ज्याला सर्वांत कमी मिळतं, त्याच्यापासून.

दुसरी गोष्ट केली ती मोजमापाची. पाणी घनमापन पद्धतीनं, म्हणजे क्षेत्रावर नव्हे तर किती पाणी आलं त्यावर घ्यायचं, संस्थेच्या दारात मोजून. कोटा ठरलेला. त्यात कोणतं पीक घ्यायचं ते ज्याचं त्यानं पाहावं, आणि वाचवलेलं पाणी आपलंच. कालव्याचं पाणी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडलं, विहिरींना पाझर फुटला. मोजून घेतलेलं पाणी म्हटल्यावर माणूस दार उघडं टाकून झोपत नाही. आणि आकडा सगळ्यांसमोर असला की ‘त्याला जास्त दिलं’ ही कुरबुर पारावर पिकत नाही, बैठकीत येते. बैठकीत आलेलं भांडण मिटवता येतं.

वरच्या गावांना आधी याची गरजच वाटली नव्हती. साहजिक आहे, पाणी दारातून जात होतं. पण खालची शेतं हिरवी दिसू लागल्यावर तेही वळले. २००३ पर्यंत अख्ख्या प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि वाघाडच्या सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. शेतकऱ्यांनी सिंचन चालवण्याचा राज्याचा कायदा त्यानंतरचा, २००५ चा. म्हणजे कायद्याच्या आधी कारभार! तसं नाशिक जिल्ह्याला हे नवं नाहीच म्हणा. बागलाणात मोसम नदीवर फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून बंधाऱ्याचं पाणी वाटून घ्यायची जुनी रीत, पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि आपण मात्र व्यवस्थापन शिकायला हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये दिवसभराचं शिबिर भरवतो. जेवणात पनीर असतं, हे एक त्यातलं सुख. त्यापेक्षा पापड बुडवून मिसळ खात चार माणसं बोलली तर जास्त ठरतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. मिसळ तिखट हवी, गोड नको.

असो. तर तुमच्या शिफ्टमध्ये, तुमच्या शाखेत टेलला कोण आहे? रात्रपाळीचा कंत्राटी कामगार, नव्या सॉफ्टवेअरसमोर घाम फुटलेला जुना कारकून, सोसायटीत वरच्या मजल्यावरची भाडेकरू बाई. नव्या व्यवस्थेचा पहिला चटका यांनाच बसतो आणि बैठकीचं बोलावणं यांनाच सर्वांत शेवटी जातं, गेलंच तर. शनिवारी रात्री ग्रुपवर ‘सोमवारपासून नवीन पद्धत लागू’ असा निरोप टाकून फोन बंद करणारे साहेब मी पाहिलेत. त्यांना मी नेता म्हणत नाही, हेडवाला म्हणतो.

आणि मोजमापाचं पुन्हा सांगतो, कारण तेच आधी विसरलं जातं. कुणाचं काम वाढलं, कुणाचं कमी झालं, ओव्हरटाइम कुणाच्या वाट्याला आला, हा आकडा सगळ्यांना दिसेल असा लावा. तुमचा स्वतःचा आकडाही त्याच कागदावर असू द्या.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचंय त्यांनी ओझरला जरूर जावं. मात्र रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, सुरू असताना जा. ऐन पावसाळ्यात गेलात, तर सगळ्यांच्याच शेतात पाणी असतं आणि भांडणही नसतं, काही कळायचं नाही. नमस्कार.