परसातले तीन फोटो

(पडद्यावर अंधार. हळूहळू एक चौकोनी, काळा-पांढरा फोटो उजळतो. आधी कुंपण, मग जमिनीवरची सावली, शेवटी माणूस.)

लाकडी कुंपण. वरच्या मजल्यावर जाणारा जिना. मधे उन्हात उभा असलेला, काळ्या कपड्यांतला एक सडपातळ तरुण. कमरेला पिस्तूल, एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात दोन वर्तमानपत्रं. फोटो कुणा कसलेल्या माणसानं काढलेला नाही, हे पहिल्या नजरेतच कळतं. घरच्या कॅमेऱ्यानं, घरच्याच कुणीतरी काढलेला हा फोटो आहे.

हा तरुण म्हणजे ली हार्वे ओस्वाल्ड. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा भररस्त्यात खून झाला आणि त्याच दुपारी ओस्वाल्डला पकडण्यात आलं. दुसऱ्या दिवशी हे फोटो पोलिसांच्या हाती लागले. त्यांच्याभोवती तेव्हापासून एकच प्रश्न फिरतो आहे. हे आले कुठून?

(पडद्यावर: घराचं गॅरेज, खोकी, जुन्या बॅगा.)

शनिवार, २३ नोव्हेंबर. डॅलसला लागून असलेल्या आयर्व्हिंग गावात रूथ पेन यांचं घर होतं. ओस्वाल्डची रशियन बायको मरीना दोन लहान मुलींना घेऊन तिथे राहत होती आणि नवराबायकोचं बरंचसं सामान गॅरेजमध्ये पडलं होतं. पोलिसांनी ते उपसलं. त्यात हे फोटो निघाले.

त्याच संध्याकाळी पोलीस कॅप्टन विल फ्रिट्झ यांनी मोठा करून घेतलेला एक फोटो ओस्वाल्डसमोर ठेवला. फ्रिट्झ यांच्या अहवालानुसार ओस्वाल्ड म्हणाला, चेहरा माझा आहे, पण खालचं शरीर माझं नाही. कुणीतरी माझं तोंड दुसऱ्याच्या धडावर बसवलं आहे. फोटोग्राफी मला चांगली कळते, वेळ आली की मी हे दाखवून देईन.

ती वेळ आलीच नाही. रविवारी सकाळी ११ वाजून २१ मिनिटांनी, पोलीस मुख्यालयाच्या तळघरात, टीव्ही कॅमेऱ्यांसमोर जॅक रूबीनं त्याला गोळी घातली.

ओस्वाल्डची फोटोग्राफीची बढाई अगदीच पोकळ नव्हती. ऑक्टोबर १९६२ पासून एप्रिल १९६३ च्या सुरुवातीपर्यंत तो डॅलसमधल्या एका टाइपसेटिंग आणि छायामुद्रणाच्या कंपनीत कामाला होता. फोटो लहान-मोठा कसा करतात, डार्करूममध्ये काय काय करता येतं, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. आणि आपल्याकडे तरी हे कुणाला नवं आहे? लग्नाच्या ग्रुप फोटोत येऊ न शकलेल्या काकांना स्टुडिओवाला मागच्या रांगेत नेमका बसवून द्यायचा. लहानपणी गावातल्या एका स्टुडिओत लाल दिव्याखाली मी तासन्‌तास उभा राहिलो आहे. निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिल फिरवून वाकडी भुवई सरळ करणारा हात मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. त्यामुळे जे हा फोटो बनावट म्हणतात त्यांना मी वेडं ठरवणार नाही. असं करता येत होतं. इथे तसं केलं गेलं का, हे बघायचं आहे.

(पडद्यावर: दोरीवर वाळत घातलेले बाळाचे कपडे.)

फोटो काढणाऱ्या व्यक्तीची साक्ष उपलब्ध आहे. चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगासमोर फेब्रुवारी १९६४ मध्ये मरीनानं सांगितलं, की ती परसात बाळाचे लंगोट वाळत घालत होती, तेव्हा नवरा बंदूक घेऊन आला. ती जराशी घाबरली. त्यानं तिच्या हातात कॅमेरा दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं.

मला ही साक्ष खरी वाटते. रचून सांगणारा माणूस लंगोटांपर्यंत जात नाही.

पण याच साक्षीत गोंधळही आहे. मरीनाला वाटत होतं की हे फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला घडलं. आता तारखा बघा. फोटोतलं परस आहे २१४ वेस्ट नीली स्ट्रीट या घराचं, आणि त्या घरात हे कुटुंब मार्चच्या सुरुवातीला राहायला आलं. शिकागोच्या दुकानातून टपालानं मागवलेली बंदूक आणि दुसरीकडून मागवलेलं पिस्तूल, दोन्ही रवाना झाली २० मार्चला. हातातली वर्तमानपत्रं 'द वर्कर' आणि 'द मिलिटंट'. त्यातला 'वर्कर'चा अंक २४ मार्चचा. म्हणजे हे सगळं एकत्र येऊ शकतं ते मार्चच्या अखेरीस. आयोगानं रविवार, ३१ मार्च १९६३ ही तारीख धरली. मरीना आधी एकच फोटो काढल्याचं म्हणाली, नंतर दोन. ती बावीस वर्षांची होती, भाषा परकी, नवरा मेलेला, कडेवर तान्हं मूल. मी तिला खोटारडी म्हणणार नाही. पण ज्यांच्या मनात शंका होती त्यांना धरायला इथे टोक मिळालं.

दुसरं टोक पोलिसांनी स्वतःच दिलं. झडती घेणाऱ्या एका डिटेक्टिव्हनं साक्षीत सांगितलं की गॅरेजमध्ये दोन निगेटिव्ह मिळाल्या. आयोगाकडे पोचली एकच. दुसरी कुठे गेली, याचं उत्तर सरकारी कागदांत नाही. आपल्याकडे साध्या घरफोडीच्या पंचनाम्यातही चमचे मोजून लिहितात. इथे राष्ट्राध्यक्षाच्या खुनातला मुद्देमाल हातातून निसटला.

आणि कॅमेरा? इम्पीरियल रिफ्लेक्स, साधा, स्वस्तातला, पोटाशी धरून वरून खाली बघत फोटो काढायचा प्रकार. पहिल्या झडत्यांत तो जप्तच झाला नाही. ओस्वाल्डचं बाकी किरकोळ सामान त्याचा भाऊ रॉबर्ट याच्याकडे गेलं, त्यात तोही गेला आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये एफबीआयच्या हाती आला.

त्याच महिन्यात, २१ फेब्रुवारीला, हा फोटो 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. साप्ताहिकानं छपाईआधी त्यावर हात फिरवला होता. इतरही नियतकालिकांनी आपापल्या परीनं रीटचिंग केलं. उद्देश एवढाच की छपाईत उठाव यावा, पण परिणाम काय झाला? एका अंकात बंदुकीवर दुर्बीण आहे, दुसऱ्या अंकात नाही. वाचकानं दोन अंक शेजारी ठेवले तर त्यानं काय समजायचं? मला तर वाटतं, बनावटीची कहाणी जन्माला आली ती छापखान्याच्या टेबलावर. कट करून कुणी ती पेरली नाही. निष्काळजीपणानं ती आपोआप उगवली.

(पडद्यावर: नाकाखालची सावली, मग जमिनीवरची सावली. दोन्ही भाग आलटून पालटून.)

सगळ्यात गाजलेली शंका सावलीची. नाकाची सावली सरळ खाली ओठावर पडली आहे आणि शरीराची सावली मात्र मागे, एका बाजूला तिरपी गेली आहे. म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळचे दोन फोटो जोडले, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं. दिसायला ते पटतं. मलाही कित्येक वर्षं पटत होतं.

या भागाच्या चित्रीकरणावेळी आम्ही गच्चीवर गेलो. सकाळचे साडेअकरा. एका सहकाऱ्याला उभं केलं आणि मान हळूहळू एका बाजूला कलती करायला सांगितलं. जमिनीवरची सावली होती तिथेच राहिली. नाकाची सावली चेहऱ्याबरोबर सरकत गेली, आणि एका ठिकाणी ती बरोबर ओठाच्या मधोमध येऊन थांबली. सावली जमिनीवर पडते तेव्हा जमिनीचा उतार मानते आणि चेहऱ्यावर पडते तेव्हा चेहऱ्याचा. डोळा या दोन पृष्ठभागांचा हिशेब एकदम करू शकत नाही.

आम्ही हे गच्चीवर केलं, डार्टमथ कॉलेजच्या हॅनी फरीद यांनी ते २००९ मध्ये संगणकावर मोजून केलं. ओस्वाल्डच्या डोक्याचं आणि परसाचं त्रिमितीय मॉडेल उभारून त्यांनी दाखवलं की एकच सूर्य या दोन्ही सावल्या पाडू शकतो. पुढे २०१५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दुसरी शंका तपासली. ओस्वाल्ड एका बाजूला इतका झुकल्यासारखा दिसतो की तसा माणूस पडेल, ही ती शंका. वजनाचा तोल मोजला तेव्हा उभं राहण्याची पद्धत स्थिर निघाली.

पण माझ्या दृष्टीनं यापेक्षा भक्कम पुरावा सावलीत नाही. तो फोटोच्या कडेला आहे.

(पडद्यावर: हातात धरलेली चौकोनी निगेटिव्ह, खिडकीच्या उजेडासमोर. कॅमेरा तिच्या काठाकडे सरकतो.)

अशी निगेटिव्ह उजेडासमोर धरलीत की लक्ष मधल्या चित्राकडे जातं. जरा काठाकडे बघा. कॅमेऱ्याच्या आत फिल्मसमोर एक चौकट असते. स्वस्त कॅमेऱ्यात तिच्या कडा गुळगुळीत नसतात. कुठे खाच, कुठे कणभर उंचवटा. प्रत्येक फोटोच्या काठावर ती खडबड जशीच्या तशी उमटते. पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटमध्ये ती सहसा झाकली जाते, म्हणून आपल्याला दिसत नाही. एफबीआयचे छायाचित्रतज्ज्ञ लिंडल शेनीफेल्ट यांनी उरलेली ती एकमेव निगेटिव्ह घेतली, याच कॅमेऱ्यातून नवे फोटो काढले आणि काठाला काठ लावून पाहिला. खुणा जुळल्या. त्यांची साक्ष स्पष्ट होती : ही निगेटिव्ह याच कॅमेऱ्यातली, दुसऱ्या कुठल्याच नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहानं पुन्हा समिती नेमली, कारण लोकांचा विश्वास बसत नव्हता. तिच्या छायाचित्रतज्ज्ञांच्या मंडळानं हे फोटो फार बारकाईनं पाहिले. मला आवडणारी त्यांची एक युक्ती सांगतो. शंकेखोरांचं म्हणणं होतं की मागचं दृश्य सगळ्या फोटोंत एकच आहे, फक्त पुढचा माणूस बदलला आहे. मंडळानं दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळे फोटो दाखवून खोली भासवणाऱ्या उपकरणातून, पाहिले. एकाच फोटोच्या दोन प्रती असत्या तर मागचं दृश्य सपाट दिसलं असतं. ते खोल दिसलं. कुंपण मागे गेलं, जिन्याचा खांब पुढे आला. म्हणजे दोन फोटोंच्या मधे कॅमेरा हातात जरासा हलला होता, बटण दाबणारा हात थोडा सरकला होता.

(पडद्यावर: तिसरा फोटो.)

आणखीही प्रती बाहेर आल्या, त्याही भलत्याच ठिकाणांहून. १९७६ मध्ये एका दिवंगत पोलिसाच्या बायकोकडून वेगळ्या पोझमधला तिसरा फोटो मिळाला. डॅलस पोलिसांत काहींनी आठवण म्हणून प्रती घरी नेल्या होत्या. गंमत म्हणून नेलेल्या त्या प्रतींनी इतिहासाचं केवढं नुकसान केलं! कारण १९६३ च्या नोव्हेंबरातच पोलिसांनी त्याच परसात आपल्या एका माणसाला उभं करून घटनेची पुनर्रचना म्हणून फोटो काढला होता, आणि त्याची पोझ होती नेमकी या तिसऱ्या, तेव्हा लोकांना ठाऊक नसलेल्या फोटोतली. आयोगाला न दिलेला फोटो पोलिसांकडे होता, हे त्यातून उघड झालं. एवढ्या लपवाछपवीनंतर लोकांनी विश्वास ठेवावा, ही अपेक्षा कशी करायची?

दुसरी एक प्रत जॉर्ज डी मोरेनशिल्ट यांच्याकडची. रशियातून आलेलं कुटुंब, तेलक्षेत्रातले भूगर्भतज्ज्ञ, ओस्वाल्ड पतिपत्नीचे डॅलसमधले वडीलधारे मित्र. त्यांच्या सामानातली ही प्रत १९६७ मध्ये त्यांना मिळाली आणि १९७७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर समितीकडे गेली. मागे लिहिलं आहे, माझा मित्र जॉर्ज यास, ली ओस्वाल्डकडून. तारीख ५ एप्रिल १९६३. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर ओस्वाल्डचं ठरवलं. शेजारी रशियनमध्ये एक ओळ आहे, 'फॅसिस्टांचा शिकारी, हा हा हा.' ती कुणाच्या हातची, हे समितीला ठरवता आलं नाही.

ती तारीख डोळ्यांसमोर ठेवा. त्यानंतर पाचच दिवसांनी, १० एप्रिलला, डॅलसमधले कडवे उजवे नेते जनरल एडविन वॉकर यांच्या घरावर रात्री गोळी झाडली गेली. आयोगानं तो हल्ला ओस्वाल्डचाच ठरवला. वॉकर यांच्या घराचा एक फोटोही त्याच सामानात मिळाला, तोही याच इम्पीरियल रिफ्लेक्सनं काढलेला. त्या फोटोत उभ्या असलेल्या गाडीची नंबरप्लेट नाही, तिथे कागदाला भोक आहे. पोलीस म्हणाले, सापडला तेव्हापासूनच असा आहे. मरीना म्हणाली, मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा भोक नव्हतं.

मी स्वतः कुठे पोचलो ते सांगतो. परसातले फोटो खरे आहेत. काठावरच्या खुणा, कॅमेऱ्याची किंचित हालचाल, मागचं अक्षर, हे सगळं एकाच दिशेला जातं. पण ते खरे असले तरी त्यांच्यावरून एवढंच कळतं की मार्चमध्ये त्याच्या हातात ही बंदूक होती. २२ नोव्हेंबरला, केनेडींवर जिथून गोळ्या झाडल्या गेल्या असं आयोगानं ठरवलं त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीत कोण होतं, ते हे फोटो सांगत नाहीत. आणि हरवलेल्या निगेटिव्हचा, घरी नेलेल्या प्रतींचा, त्या भोकाचा जाब आजही कुणी दिलेला नाही. तो मागणारे लोक चुकले असतील सावलीच्या गणितात. जाब मागण्यात ते चुकलेले नाहीत.

(पडद्यावर: पुन्हा पहिला फोटो. कॅमेरा माणसावरून सरकून जमिनीकडे, फोटो काढणाऱ्याच्या बाजूला येतो.)

मरीना पुढे टेक्ससमध्येच राहिली, दुसरं लग्न केलं, मुली वाढवल्या. वर्षं गेली तसं तिचं मत बदललं. ज्या नवऱ्याविरुद्ध तिनं साक्ष दिली होती, त्यानं केनेडींना मारलं नाही, असं ती जाहीरपणे म्हणू लागली. हे फोटो बनावट ठरणं आता तिच्या बाजूचं होतं. लोक तिला विचारत राहिले, ते फोटो कुणी काढले?

ती म्हणत राहिली, मी काढले.