आधी स्वतःची स्नोपँट घ्या

(नवीन आलेल्या मराठी पालकांसाठी नोव्हेंबरमधे दिलेलं व्याख्यान, थोडंफार नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? पोरं बाजूच्या हॉलमधे आहेत आणि बटाटेवडे येईपर्यंत ती तिथेच राहतील असं मला सांगितलंय, त्यामुळे तेवढ्यात उरकते.

मी इथे कॅनडात, टोरोंटोशेजारच्या मिसिसॉगाजवळ एका चाइल्ड केअर सेंटरमधे काम करते, माझ्या वर्गात अडीच ते चार वर्षांची मुलं. नोव्हेंबर लागला की भारतातून नवीन आलेले आईबाबा मला हमखास एकच विचारतात, की ताई, मुलासाठी जॅकेट कुठलं घेऊ, अमुक ब्रँडचं बरं का तमुक, उणे तीसपर्यंत चालेल असं लिहिलंय ते खरं का. जॅकेटवर येतेच मी, पण आधी जे सांगायचंय ते सांगून टाकते म्हणजे वडे लवकर आले तरी माझं काम झालेलं असेल. या वर्षी हिवाळ्याची खरेदी कराल ना, तेव्हा पहिली स्नोपँट, म्हणजे नेहमीच्या पँटवरून घालायची, बर्फात न भिजणारी उबदार पँट, स्वतःसाठी घ्या. मुलासाठी घेणारच आहात तुम्ही, त्याची मला काळजीच नाही.

हसू नका, खरंच सांगतेय. जानेवारीत कुठल्याही पार्कात जाऊन बघा. पोरगं बर्फात लोळतंय, गाल लाल झालेत, मजेत आहे. आणि बाबा? जीन्स, ऑफिसचे बूट, हात खिशात, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतायत आणि दहा मिनिटं झाली नाहीत तोच "चल चल, बास झालं, तुला थंडी वाजेल". अहो, थंडी कोणाला वाजतेय! पोरगं पळतंय, त्याचं शरीर भट्टीसारखं तापलंय, उभे आहात तुम्ही. मग सगळे घरी येतात आणि घरी सगळ्यांना सांगितलं जातं की आमच्या चिरंजीवांना थंडी सोसत नाही. आया पण तशाच, लेगिंगवर लांब कोट आणि कानटोपी नाही कारण केस बसतात. मुलाला बाहेर किती वेळ राहता येईल हे त्याच्या जॅकेटवर कमी आणि सोबतच्या मोठ्या माणसाच्या पायमोज्यांवर जास्त अवलंबून असतं, हे मी रोज बघते.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगते, कारण बऱ्याच पालकांना वाटतं की डेकेअरवाले मुलांना उगाच गारठ्यात काढतात. आपल्या ओंटारिओ प्रांताच्या चाइल्ड केअरच्या नियमांतच आहे की मूल अडीच वर्षांच्या वरचं असेल आणि दिवसाला सहा तास किंवा जास्त सेंटरमधे असेल तर हवा बरी असेल त्या दिवशी किमान दोन तास ते बाहेर खेळलं पाहिजे. जानेवारीत पण. अर्थात फार गारठा असेल तर वेळ कमी करतो किंवा आत थांबतो. या वयाच्या आठ मुलांमागे एक बाई असं प्रमाण असतं, म्हणजे सोळा मुलं आणि आम्ही दोघी. बत्तीस बूट, बत्तीस हातमोजे. आणि शेवटच्या मुलाची चेन लावली की पहिलं म्हणतं, सू आली.

त्यामुळे क्रम ठरलेला असतो आणि तो कधीच बदलत नाही. आधी सगळ्यांनी सू करून यायचं, आली असो वा नसो. मग स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, मग गळ्याचं, मग टोपी, शेवटी हातमोजे. स्नोपँट पहिली का, तर जॅकेट घातल्यावर मुलाला वाकताच येत नाही, आणि टोपी शेवटाकडे कारण डोकं झाकलं की ते घामाघूम होऊन रडायला लागतं. तुम्ही पण घरी निघायच्या अगदी आधी, स्वतःचे कपडे घालून झाल्यावर मुलाला घाला. उलटं केलंत तर तुम्ही चावी शोधेपर्यंत ते आत शिजतंय.

जॅकेटची एक युक्ती दाखवते. (इथे स्टेजवर एका चार वर्षांच्या मुलीला बोलावलं.) हे बघा, जॅकेट जमिनीवर उघडं पसरायचं, आतली बाजू वर, आणि हूड मुलाच्या पायांकडे. म्हणजे उलटं दिसतंय ना, बरोबर, उलटंच ठेवायचं. आता तिने वाकून दोन्ही हात बाह्यांत घातले, आणि हात वर करून डोक्यावरून मागे टाकलं. झालं! अडीच वर्षांचं मूल दोनचार दिवसांत शिकतं. एकदा स्वतःचं स्वतः घालायला लागलं की बाहेर जायची कटकट अर्ध्यावर येते, आणि तुमची पाठ वाचते ते वेगळंच.

आता कपडे. आपल्याकडे थंडी म्हणजे जाड काहीतरी अंगावर घालायचं, स्वेटर, शाल, गोधडी. पुण्याच्या डिसेंबरला ते चालतं. इथे मुलाला गारठवते ती ओल, आणि ती ओल बाहेरच्या बर्फापेक्षा आधी आतून येते, घामाची. कॉटनची बनियन, त्यावर कॉटनचा फुलशर्ट, त्यावर भलंमोठं जॅकेट घालून पोरगं टेकडीवर पाच वेळा चढलं की आतली बनियन ओलीकच्च, आणि कॉटन ते पाणी धरून ठेवतं, वाळत नाही. मग खाऊ खायला दोन मिनिटं बसलं की कुडकुडायला लागतं आणि आपण म्हणतो जॅकेट कमी पडलं, अजून जाड घेऊ. भारतातून बॅगा भरून जे थर्मल आणता ना, त्यांची लेबलं वाचा, बरेचसे कॉटनचे असतात. घरात झोपायला छान आहेत, बर्फात खेळायला नाहीत. अंगाला लागून लोकर किंवा पॉलिस्टर हवं. मेरिनो लोकर महाग असते पण अजिबात टोचत नाही, जुनी मिळाली तर सोडू नका.

लोकरीचं काय आहे, ती दमट झाली तरी ऊब देते. आपले धनगर भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन मेंढरांमागे उभे राहतात ते काय उगाच? तेच तत्त्व. त्यामुळे आजीने विणून पाठवलेला स्वेटर कपाटात ठेवू नका, मधल्या थरासाठी तो एक नंबर आहे, फक्त खऱ्या लोकरीचा आहे का बघून घ्या, हल्ली बाजारातली पुष्कळशी लोकर अॅक्रिलिक असते. तेही कॉटनपेक्षा बरंच. नाहीतर साधं फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरचं मऊ लवदार कापड. आणि वरून वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. ते फार जाड असायची गरज नाही कारण ऊब आतल्या थरांत असते, आणि दुपारी ऊन पडलं तर मधलं काढता येतं. एकच एक जाड जॅकेट असलं की घाल नाहीतर काढ, मधलं काही नाही.

मूल गार पडलंय का हे हात लावून बघायचं असेल तर मानेमागे, कॉलरच्या आत दोन बोटं घाला. कोरडं आणि गरम लागलं तर छान चाललंय. दमट लागलं तर एक थर कमी करा. गार लागलं तर वाढवा किंवा आत चला. नाकाला हात लावून घाबरू नका, नाक गारच असतं. मात्र गालावर, कानाच्या पाळीवर, बोटांवर पांढुरका डाग दिसला किंवा मूल म्हणालं की बोट कळतच नाहीये, तर ताबडतोब आत. तिथे चोळायचं नाही हं, आपल्याला सवय असते खसाखसा चोळायची. हात काखेत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा, आणि रंग परत आला नाही तर डॉक्टर.

हातमोजे पाच बोटांचे नकोत. लहान मुलाची बोटं त्यात जात नाहीत, दोन बोटं एकाच घरात बसतात आणि तुम्ही दारात घामाघूम. शिवाय सुटी सुटी बोटं लवकर गार पडतात. एका पिशवीत चार बोटं आणि अंगठा वेगळा, ते मिट्स घ्या, कोपरापर्यंत लांब असतील तर उत्तम, मनगटात बर्फ जात नाही. आणि दोन जोड लागतात, कारण एक तासाभरात ओला होतोच. बुटांत दोन दोन पायमोजे कोंबू नका, बूट आवळला की पाय जास्त गार पडतात, एकच लोकरीचा मोजा आणि बोटं हलवायला जागा. रात्री बुटातलं फेल्टचं अस्तर बाहेर काढून हीटरची गरम हवा येते त्या व्हेंटजवळ ठेवा. हे सोमवारी सकाळी आठवतं सगळ्यांना, रविवारी रात्री कोणालाच नाही.

गळ्याला मफलर नको. घसरगुंडीवर, झोक्यावर अडकतो, आणि ते खरोखर जिवावरचं आहे. डोक्यातून घालायचा नेक वॉर्मर घ्या. हूडच्या नाड्या असतील तर काढून टाका. आणि कारसीटमधे फुगीर जॅकेट घालून पट्टा लावायचा नाही, पट्टा घट्ट वाटतो पण आत नुसती हवा असते, अॅक्सिडेंटमधे ती दबते आणि पट्टा ढिला पडतो. फ्लीसवर पट्टा लावा आणि वरून जॅकेट उलटं पांघरा.

आता वाऱ्याबद्दल. फोनवर तापमान बघता ना, त्याखालचा विंडचिलचा आकडा बघत जा. उणे १० तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला ते जवळपास उणे २० सारखं लागतं. विंडचिल उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते असं इथलं हवामान खातं सांगतं. असे दिवस आपल्या भागात मोजकेच असतात, त्या दिवशी घरात भजी तळा. पण उणे ५, उणे ८, वारा नाही, लख्ख ऊन, त्या दिवशी पण जर पडदे लावून कार्टून चाललं असेल तर मात्र मी तुम्हाला बोलणार.

सासूबाई, आई इकडे आल्या की पहिला वाद हाच होतो की बाहेर नेलं की सर्दी होते. सर्दी व्हायरसने होते, आणि तो बंद खोलीत एकमेकांच्या तोंडावर शिंकून जास्त पसरतो. आजींशी भांडू नका मात्र. आमच्या सेंटरला एक आजी नातवाला न्यायला यायच्या, रोज चेहऱ्यावर नाराजी, मग सुनेने त्यांना चांगले बूट आणि गुडघ्यापर्यंतचं जॅकेट घेऊन दिलं तर आता त्याच म्हणतात, थांब अजून पाच मिनिटं खेळू दे त्याला. परत तेच, मोठ्या माणसाचे कपडे!

आणि ते कोवळं ऊन, ड जीवनसत्त्व. इथे त्याचा उपयोग नाही हो. टोरोंटोच्या अक्षांशावर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य इतका खाली असतो की त्यातून ड जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही, ते दुधातून आणि थेंबांतून घ्या, इथल्या दुधात कायद्यानेच घातलेलं असतं. मग बाहेर कशाला न्यायचं? मला विचाराल तर झोप आणि भूक यासाठी, दोन तास बर्फात खेळलेलं मूल दुपारी कसं झोपतं ते मी बघते रोज. दुसरं डोळे. चीनमधे ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं, तीन वर्षांनी बघितलं तर त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना मायोपियाचा, म्हणजे लांबचं नीट न दिसण्याचा, नंबर लागला होता आणि बाकीच्या शाळांत जवळपास ४० टक्के. २०१५ साली छापून आलंय. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर घरातल्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. आपल्याकडे अख्ख्या घराला चष्मे असतात, तेव्हा मनावर घ्या.

खर्चाचं म्हणाल तर सगळं नवीन घ्यायची गरज नाही, मुलं एका सीझनमधे वाढतात म्हणून जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगल्या स्थितीतल्या स्नोपँट पडलेल्या असतात. पण ऑक्टोबरमधे जा, पहिला बर्फ पडल्यावर गेलात तर सगळ्यांनी उचललेलं असतं. कोलंबियाच्या काही जॅकेटांच्या बाह्यांत आत एक शिवण असते, ती उसवली की बाही वाढते, त्यामुळे दोन वर्षं जातं. कपडे एक साइझ मोठे चालतील, बूट मात्र मापाचे.

प्रश्न? हो, तुम्ही.

(एका बाबांनी विचारलं: चार महिन्यांच्या बाळाचं काय?) बाळ हलत नाही त्यामुळे त्याला स्वतःची ऊब कमी, साधारण आपल्यापेक्षा एक थर जास्त. स्ट्रोलरवर प्लॅस्टिक टाकलंत तर हवा खेळती ठेवा. आणि दुकानात शिरलात की आधी बाळाचं उघडा, मग तुमचं.

(मागून एका ताईंनी विचारलं: शून्याच्या आसपास, अर्धा पाऊस अर्धा बर्फ असतो तेव्हा?) तो सगळ्यात वाईट दिवस, उणे दहापेक्षा वाईट, कारण सगळं भिजतं. त्या दिवशी फ्लीस आणि वरून पूर्ण अंगाचा रेनसूट, इथे त्याला मडी बडी म्हणतात, आणि आत लोकरीचे मोजे घातलेले रबरी बूट. खेळू द्या खड्ड्यात. घरी आल्यावर सूट बाथटबमधे उभा करून शॉवरखाली धुवा आणि नळावर टांगा, सकाळपर्यंत वाळतो. मशीनला लावलात तर फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने पाणी अडवायची ताकद जाते, स्नोपँटला पण तेच.

वडे आले वाटतं. पोरांचा आवाज येतोय.